खिरीचा चिमटा

माझ्या आईची चूल माझ्या वहिनीला मिळाली आणि मला आईचं एक निळं भांडं मिळालं. वाटणीत कुणी लबाडी केली नव्हती. चूल बिडाची, अर्ध्या टनाहून जड, स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलेली. ती घराबरोबर जाणार आणि घर माझ्या भावाला जाणार, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी बावन्न वर्षं मी ते मनात धरून ठेवलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी जशी वागले त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

मी नेल कोट्स. लग्न केलं नाही. स्केलबेक गावातलं पोस्ट चौतीस वर्षं सांभाळलं आणि आता गावाच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एकात राहते. तिथे विजेची शेगडी आहे. बटण दाबलं की तापते, बटण दाबलं की विझते, आणि तिच्याजवळ बसावंसं कुणाला वाटत नाही. आमचं शेत, हाय इंग्स, गावापासून दीड मैल वर, चढावर आहे. तिथे माझी वहिनी हेस्टर एकटी राहते. माझा भाऊ एडविन जाऊन सहा वर्षं झाली. मेंढ्या विकल्या, कुरणं शेजाऱ्याला दिली. चूल मात्र चालू आहे.

ती साईच्या रंगाची आहे. भाजायला-शिजवायला दारांचे चार कप्पे, वर दोन गोल तवे, तव्यांवर जड झाकणं आणि पुढे टॉवेल वाळत घालायला लांब दांडी. सकाळ-संध्याकाळ एकेक बादली दगडी कोळसा घालायचा, राख झटकायची, बस. विस्तव बारा महिने असतो, म्हणून ती पेटवायची नसते, सांभाळायची असते. मी सात आठवडे आधी, फेब्रुवारीत जन्मले. डॉक्टरांनी हात वर केले तेव्हा आईने मला लोकरीत गुंडाळून भाजणीच्या पत्र्यात ठेवलं आणि पत्रा खालच्या डाव्या कप्प्यात, दार उघडं ठेवून. अकरा दिवस मी तिथे होते. त्याच कप्प्यात दर वसंतात गारठलेली कोकरं ठेवत. एडविन आयुष्यभर म्हणायचा, "नेलला घाईत बाहेर काढली, जरा कच्चीच राहिली." ह्यावर घरात दर वेळी हसत.

हेस्टर लग्न होऊन आली तेव्हा तिला चूल कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात तिने ती दोनदा विझू दिली. आई काही बोलली नाही, मीही नाही; आम्ही दोघी कोट घालून गप्प बसलो. पुढे मात्र दोघींचं जमलं, म्हणजे हेस्टरचं आणि चुलीचं. ती सकाळी उठली की आधी दांडीला हात लावून बघते, मग किटली. चादरी इस्त्री करत नाही, घडी घालून झाकणावर ठेवते आणि वरून हात फिरवते. वाईट बातमी आली की चुलीला पाठ लावून उभी राहते. एडविन गेला त्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशी उभी होती. लोक येत होते, खुर्ची पुढे करत होते. ती बसली नाही.

आता चिमट्याचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. अशा चुलीच्या कप्प्यांतला वास धुराड्यातून वर जातो. आत काही करपलं तर अंगणातल्या कुत्र्याला कळतं, शेजारी उभ्या असलेल्या बाईला कळत नाही. त्यामुळे आमच्या खोऱ्यात अशी चूल असलेलं एकही घर नाही जिथे काही ना काही आत राहून गेलं नाही. पाद्र्यांच्या बायकोला नाताळचे बटाटे ईस्टरला सापडले. एडविनने एकदा मागच्या कोपऱ्यातून सहा काळे गोळे काढले, वजन करून बघितलं आणि कोळसा म्हणून पुन्हा चुलीत टाकले. आईने ह्यावर उपाय काढला होता. कप्प्यात काही ठेवलं की कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आपल्या एप्रनला, खांद्यापाशी लावायचा. जिने ठेवलं तिने लावायचा. बाहेर काढलं की चिमटा काढायचा. हेस्टर अजून लावते. कधी कधी तीन-तीन चिमटे लावून अंड्यांची टोपली घेऊन गावात येते. गावातल्या लोकांना सवय आहे.

मी दर गुरुवारी वर जाते. पिशवीत एप्रन, दूध, तांदूळ, जायफळ. तांदळाची खीर विजेच्या शेगडीवर होते, नाही असं नाही, पण तिच्यावर ती तपकिरी साय धरत नाही. सकाळी खालच्या कप्प्यात ठेवायची आणि चारच्या सुमारास काढायची. हेस्टर मला दर गुरुवारी म्हणते, "आलीस? तुझी चूल वाट बघतेय." ती हे चांगल्या मनाने म्हणते. मला ते दर गुरुवारी लागतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मॅरियन आली. ती एडविन-हेस्टरची एकुलती मुलगी, लीड्सला एका शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या गाडीतून मीही वर गेले. ती आली की घर साफ करते. कुणी सांगावं लागत नाही. दुपारी ती चुलीपुढे गुडघ्यांवर बसली, खालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि मागून एक भांडं ओढून काढलं. काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत-बाहेर काळं ठिक्कर, आणि आत कोळशाचा एक थर, भेगा पडलेला.

"आई, हे काय आहे?"

हेस्टरने भांड्याकडे एकदा बघितलं, मग खिडकीबाहेर.

"माझंच काहीतरी असणार," ती म्हणाली.

"काहीतरी म्हणजे? काय होतं ह्यात?"

"आता तो कोळसा बोलणार आहे का?"

"मी थट्टा करत नाहीये. किती दिवस आत होतं हे?"

"पंधरा दिवस. तीन आठवडे. मागे सरकलं असेल. खांदा धरल्यापासून माझा हात मागपर्यंत जात नाही."

"आणि तुला आठवलंही नाही."

"नाही आठवलं."

मॅरियन खुर्ची ओढून बसली. तिचा आवाज चढत नाही, उतरतो; शाळेत मुलं त्यालाच घाबरत असणार. "गेल्या महिन्यात तू कोळशाची बादली घेऊन मागच्या पायरीवरून घसरलीस. गुरांच्या डॉक्टरचं नाव तुला आठवलं नाही, तो तीस वर्षं घरी येतोय. वाढदिवसाला मला तुझी दोन कार्डं आली, आठ दिवसांच्या अंतराने."

"दोनदा शुभेच्छा मिळाल्या म्हणून कुणी रडतं का?"

"आई."

"बरं, बरं. पुढच्या वर्षी एकही पाठवत नाही."

"मी डॉक्टरांशी बोललेय. गुरुवारी दवाखान्यातून नर्स येईल, स्मरणशक्ती तपासायला. ती जर म्हणाली की एकटीने राहणं बरं नाही, तर थंडीच्या आधी चूल विझवायची, घराला कुलूप घालायचं आणि तू माझ्याकडे यायचं. मी तुला ओढून नेत नाहीये. पण मला रात्री झोप लागत नाही, कळतंय का तुला?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

हेस्टर उठली आणि चुलीला पाठ लावून उभी राहिली. "तुझ्याकडे पाठ कशाला लावू?" तिने विचारलं. "त्या भिंतीवरच्या गरम पाण्याच्या नळ्यांना?"

बोलायची पाळी माझी होती. मॅरियन, तुझ्या आजीच्या हातून मेंढीची अख्खी मांडी नऊ दिवस आत राहिली होती आणि तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, एवढं मी म्हणायला हवं होतं. ती चुलीची खोड आहे, डोक्याची नाही, हे त्या खोलीत माझ्याइतकं चांगलं कुणाला सांगता आलं असतं? मी मूग गिळून बसले.

निघताना मॅरियन दारात माझ्याजवळ आली. "आत्या, नर्स तुलाही विचारेल. तू दर आठवड्याला बघतेस तिला. खरं असेल ते सांग."

"सांगेन की," मी म्हणाले.

मला बरं वाटलं होतं. आईची चूल विझणार ह्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण जे मला मिळालं नाही ते आता तिलाही राहणार नाही, हा विचार मी गाडीत बसून दीड मैल चघळला. ते भांडं मी मागून घेतलं होतं. घासायला मला आवडतं. घासून चकचकीत करून परत देईन असं म्हटलं. त्यात चांगुलपणापेक्षा मिरवणं जास्त होतं.

रविवारी ते सोड्याच्या गरम पाण्यात भिजत ठेवलं. सोमवारी जुन्या सुरीने खरवडलं. आतला थर खपल्या-खपल्यांनी निघाला, आणि एका खपलीखाली तांदळाचे दाणे निघाले, काळे, पण आकार शाबूत. हेस्टर भात करत नाही. खीरही करत नाही. तिला दूध चालत नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, आता म्हातारपणी काय काय करत असेल कोण जाणे.

मंगळवारी बाहेरून कड उघडी पडली. निळी होती.

मी हात पुसले आणि कपाट उघडलं. आईच्या भांड्याची जागा रिकामी होती. ती तीन आठवडे रिकामीच होती, आणि हे मला ठाऊक होतं. भांडं हेस्टरकडे राहिलं, तिने ठेवून घेतलं, असं मी मनाशी धरलं होतं आणि दोन गुरुवार मुकाट्याने काचेचं भांडं घेऊन गेले होते. चूल मिळाली तरी हिचं भागलं नाही, असंही म्हटलं होतं. शनिवारी तेच भांडं माझ्यापुढे टेबलावर हातभर अंतरावर होतं. डोळ्यांवर चष्मा होता. मी ओळखलं नाही.

मग मी दारामागच्या पिशव्या उपसल्या. तिसऱ्या पिशवीत, तळाशी, माझा हिरवा एप्रन गुंडाळलेला होता. तो उलगडला. खांद्यापाशी लाकडी चिमटा तसाच होता.

त्या गुरुवारचं मला एवढंच आठवलं की पाऊस होता आणि शेजाऱ्याच्या बायकोने गाडी थांबवून, चल, खाली सोडते, म्हटलं. गाडीतल्या सीटवर कुत्र्याचे केस होते, ते आठवलं. खीर ठेवल्याचं आठवलं नाही. आजही आठवत नाही.

आमच्या रांगेत तिसऱ्या घरात मिस फॉसेट राहायची. तिने एकदा नळ चालू ठेवला आणि पाणी रस्त्यावर आलं. पंधरा दिवसांत तिला शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. कुणाला विचारून नेलं माहीत नाही; विचारायला तिचं कुणी नव्हतंच. माझंही नाही. पाळण्यापासून आजवर मी कुणावर भार झाले असेन तर त्या चुलीवर, अकरा दिवस. मी भांडं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बुधवारी सकाळी गाडी यायच्या आत बाहेर काढलं. हे मोठं मन करून केलं नाही. आईचं भांडं होतं, टाकवेना.

गुरुवारी मी नेहमीसारखी वर गेले. पिशवीत दूध, तांदूळ, जायफळ होतं, आणि खाली ते भांडं. बोलायचं की नाही हे चढ संपेपर्यंत ठरलं नव्हतं.

नर्स चाळिशीची, गोड बोलणारी, ओल्या बुटांबद्दल माफी मागणारी होती. हेस्टर चुलीजवळच्या खुर्चीत, खांद्याला एक चिमटा. सकाळी पाव ठेवला होता. मॅरियन कामावरून सुट्टी घेऊन आली होती. मी खिडकीशी बसले, पिशवी पायांत घेऊन.

"मिसेस कोट्स, मी तीन शब्द सांगते. नंतर विचारीन. शिडी, लिंबू, पाकीट. म्हणाल का माझ्यामागून?"

"शिडी, लिंबू, पाकीट."

"छान. आज वार कोणता?"

"गुरुवार. नेल आलीय ना."

नर्स हसली. "आणि नेल आल्या नसत्या तर?"

"तर बुधवार असता, किंवा काहीतरी घडलं असतं."

हेस्टरने कागदावर घड्याळ काढून दाखवलं, काटे बरोबर. डिसेंबरपासून उलटे महिने म्हणताना ऑगस्टपाशी अडखळली, मागे गेली आणि पुन्हा नीट म्हणाली. मग नर्सने वही मिटली आणि घरात काळजीचं काही घडलं आहे का, असं विचारलं.

मॅरियनने भांड्याचं सांगितलं. तिने वाढवून सांगितलं नाही. तीन आठवडे आत, कोळसा, आणि आठवणीत नाही.

"खरं आहे का हे?" नर्सने हेस्टरला विचारलं.

"खरं आहे. माझ्याच हातून झालं. वय झालं आता."

ती हे चुलीकडे बघत म्हणाली. चुलीकडे, मॅरियनकडे, नर्सच्या बुटांकडे. एकदाही माझ्याकडे नाही. हेस्टर कुणाशीही बोलताना सगळ्यांकडे बघते, तिची ती सवयच आहे. ती मला टाळत होती. आणि शनिवारी तिने भांड्याकडे एकदा बघून खिडकीबाहेर का बघितलं, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशीही खिडकीशी मीच बसले होते; ती बाहेर नाही, माझ्याकडे बघत होती.

मी भांडं काढून टेबलावर ठेवलं. घासून स्वच्छ निळं झालं होतं.

"हे माझं आहे," मी म्हणाले. "खीर माझी होती. मी ठेवली आणि मी विसरले. हेस्टरने नाही."

मॅरियनने सुस्कारा सोडला. "आत्या, तू कशाला आईला पाठीशी घालतेस? मी तुला खरं सांग म्हटलं होतं."

"खरंच सांगतेय."

"शनिवारी तू इथेच बसली होतीस. तुझं असतं तर तेव्हा बोलली नसतीस?"

"तेव्हा मला ओळखू आलं नाही."

नर्सने वही पुन्हा उघडली. मी हिरवा एप्रन काढला आणि भांड्याशेजारी ठेवला, चिमट्यासकट. नर्सला त्यातून काही कळलं नाही. मॅरियन ह्या स्वयंपाकघरात वाढली आहे. लहानपणी ती बिस्किटं ठेवून स्वतःच्या वेणीला चिमटा लावायची. तिने एप्रन उचलला, चिमटा उघडून बघितला, मिटला. तिचा चेहरा उतरला.

"चिमटा लावून घरी गेली," ती स्वतःशीच म्हणाली. मग आईकडे वळली. "तू बोलली का नाहीस?"

"तू कुणाचं आहे असं विचारलंस का? 'आई, हे काय' म्हणालीस. मी उत्तर दिलं."

नर्सने घसा साफ केला. "मिसेस कोट्स, मघाचे तीन शब्द?"

"शिडी, लिंबू, पाकीट," हेस्टर म्हणाली. मधे श्वासही घेतला नाही.

मला लिंबू आठवत होतं. बाकी दोन मी मनात शोधत होते, कुणी विचारलं नव्हतं तरी. शिडी ऐकल्यावर, हो, शिडी, असं वाटलं. पाकीट ऐकल्यावर काहीच वाटलं नाही; जणू पहिल्यांदाच ऐकत होते. चौतीस वर्षं मी पाकिटांवर शिक्के मारले. नर्स माझ्याकडे बघत होती आणि तिला दिसलं.

तिने हेस्टरला सांगितलं की तिला काळजीचं काही दिसत नाही. खांदा दाखवून घ्यावा, मागच्या पायरीला कठडा बसवावा, कोळसा अर्धी बादलीच उचलावा. मग माझ्याकडे वळून, आवाज होता त्याहून मऊ करून म्हणाली, "मिस कोट्स, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात येऊन जाल का? नुसत्या गप्पा मारायला."

"येईन," मी म्हणाले. नुसत्या गप्पा मारायला कुणी दवाखान्यात बोलावत नाही हे मला अजून कळतं.

मॅरियन तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. आम्ही दोघीच उरलो. हेस्टर उठली आणि तिने किटली तव्यावर सरकवली.

"तुला लगेच कळलं होतं," मी म्हणाले.

"भांड्याच्या कानाला टवका आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीच पाडला होता. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस."

"मग स्वतःवर का घेतलंस? चूल गेली असती तुझी."

हेस्टरने कप काढले. "मला मॅरियन आहे, नेल. ती फार तर मला लीड्सला नेऊन त्या नळ्यांपाशी बसवेल आणि रविवारी फिरायला नेईल. तुझ्यामागे कोण आहे? तुला कुठे नेलं हे मला तरी कुणी सांगितलं असतं का?"

मी बावन्न वर्षांचा हिशोब घेऊन त्या टेबलाशी बसत होते, आणि समोरच्या बाईने त्यातलं काहीच कधी मांडून ठेवलं नव्हतं. मला लाज वाटली. मी ती चहाबरोबर गिळली, कारण हेस्टरसमोर रडले असते तर ती मला चुलीला पाठ लावून उभं करणार आणि एक तास हलू देणार नाही, हे मला माहीत होतं.

"वरची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "तुझीच. धुराडं त्याच भिंतीतून जातं, भिंत अजून गरम असते. मॅरियनलाही आवडेल, एकीवर दुसरीची नजर राहील. कुणाची कुणावर ते तिला ठरवू दे."

"लगेच सांगत नाही."

"लगेच कोण म्हणतंय? आधी खीर ठेव. अकरा वाजत आले."

मी निळ्या भांड्यात तांदूळ आणि दूध घातलं, वर जायफळ किसलं आणि खालच्या कप्प्यात ठेवलं, पुढेच, हाताला लागेल असं. दार लावलं. मग एप्रन बांधला आणि त्यावरचा चिमटा खांद्यापाशी सरळ केला.

हेस्टरने हात लांब केला, दुसरा, चांगला हात, आणि तो चिमटा माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्याला लावला. आईच्या नियमात हे बसत नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मॅरियन आत आली तेव्हा तिच्या आईच्या खांद्याला दोन चिमटे होते, एक पावाचा आणि एक माझ्या खिरीचा. साडेबाराला पहिला निघाला. दुसरा तिने चार वाजता काढला, बरोबर चारला, आणि मला म्हणाली, "ऊठ, नेल. तुझी खीर झाली."